गूगल मॅप्समधील टाइमलाइन : फिरतीची वही कोणाच्या कपाटात?

माझी नोकरी फिरतीची आहे. ठिबक सिंचनाचे साहित्य विकले गेल्यानंतर शेतावर जाऊन संच तपासणे हे काम मी सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत करतो, आणि कोणत्या तारखेला कोणत्या गावी गेलो, तेथे किती वेळ थांबलो व किती किलोमीटर अंतर कापले, हे महिन्याच्या अखेरीस प्रवासभत्त्याच्या बिलात मला लिहून द्यावे लागते. पूर्वी त्यासाठी मोटारसायकलच्या डिकीत एक वही असायची. २०१७ पासून त्या वहीचे काम गूगल मॅप्समधील टाइमलाइन ही सुविधा करते. तिच्याबरोबर त्याच अ‍ॅपमधील थेट ठिकाण दाखवण्याची सोयही मी घरच्या माणसांसाठी वापरली आहे, म्हणून या परीक्षणात दोन्हींचा विचार केला आहे. सुविधा किती अचूक आहे याइतकाच मला महत्त्वाचा वाटणारा प्रश्न असा, की आपण कुठे कुठे गेलो याची ही वही कोणाच्या कपाटात राहते आणि त्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते.

प्रथम सुविधेविषयी. टाइमलाइन सुरू केली की फोन दिवसभरातील आपल्या हालचालींची नोंद ठेवतो आणि संध्याकाळी नकाशावर त्या दिवसाची रेघ दाखवतो. सकाळी घरातून निघालो, मोटारसायकलने इस्लामपूरला गेलो, तिथे पन्नास मिनिटे थांबलो, मग पायी थोडे अंतर चाललो, असा मजकूर त्या रेघेशेजारी आपोआप उमटतो. यासाठी फोन उपग्रहांचे संदेश, आसपासच्या वाय-फायच्या खुणा, मोबाइल टॉवर आणि फोनमधील हालचाल ओळखणारे संवेदक या सर्वांची सांगड घालतो. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. जीपीएसमुळे उपग्रहाला आपला ठावठिकाणा कळतो, असे अनेक जण समजतात. प्रत्यक्षात सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांपैकी किमान चारांचे संदेश फोन केवळ ऐकतो आणि त्यावरून स्वतःची जागा स्वतःच मोजतो. उपग्रहाकडे काहीही परत जात नाही. मोजलेली जागा पुढे इंटरनेटवरून कोणाला पाठवायची, हे फोनमधील अ‍ॅप ठरवते, आणि खासगीपणाचा सगळा प्रश्न या दुसऱ्या पायरीपासून सुरू होतो.

उपयोगाच्या बाबतीत मी समाधानी आहे. पाटण तालुक्यातील एखाद्या वाडीवर मी नेमका कोणत्या आठवड्यात गेलो होतो, हे ग्राहकाने दोन महिन्यांनी विचारले तरी मला सांगता येते. प्रवासभत्त्याच्या बिलात पूर्वी आठवणीवर विसंबून लिहिलेले अंतर आणि प्रत्यक्षातले अंतर यांत तफावत राहायची. आता मी तारीख उघडून आकडा उतरवून घेतो. दाट बाजारपेठेत ही सुविधा शेजारच्या दुकानाचे नाव लिहू शकते, कारण दहा-पंधरा मीटरच्या फरकात कोणते दुकान हे ती अंदाजानेच ठरवते. ते नाव दुरुस्त करता येते आणि एखादा दिवस पूर्णपणे पुसूनही टाकता येतो. आपली नोंद एका फाइलच्या रूपात बाहेर काढून घेण्याची सोयही आहे. यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. केवळ एवढ्यावर गुण द्यायचे असते, तर मी पूर्ण गुण दिले असते.

परंतु या वहीचा इतिहास जाणून घेतल्याशिवाय तिच्याविषयी मत देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. टाइमलाइन २०१५ मध्ये सुरू झाली, आणि पुढची अनेक वर्षे आपली रोजची रेघ आपल्या फोनवर नव्हे, तर गूगलच्या संगणकांवर साठत असे. ती तिथे साठते हे पोलिसांच्याही लक्षात आले. अमेरिकेत एखाद्या गुन्ह्याच्या जागेभोवती नकाशावर वर्तुळ आखून, अमुक वेळेत त्या वर्तुळात कोणकोणते फोन होते याची यादी द्या, असे आदेश न्यायालयांतून गूगलकडे येऊ लागले. संशयितावरून नोंदीकडे जाण्याची तपासाची नेहमीची वाट येथे उलटी झाली होती. नोंदीवरून संशयित शोधला जात होता. फ्लोरिडातील एका तरुणाची हकीकत २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तो व्यायामासाठी सायकल चालवत असे आणि किती फेऱ्या झाल्या हे मोजण्यासाठी फोनवरील अ‍ॅप वापरत असे. चोरी झालेल्या एका घरावरून तो तासाभरात तीन वेळा गेला होता, एवढ्या एका कारणावरून तपासाचा रोख त्याच्याकडे वळला आणि त्याला वकील नेमावा लागला. पुढे तो संशयातून मुक्त झाला. मी स्वतः रोज अनोळखी बांधांवर, विहिरींजवळ, कुलूपबंद शेतघरांशेजारी तासन्‌तास थांबणारा माणूस आहे, त्यामुळे ही हकीकत वाचल्यावर माझी वही मला प्रथमच जड वाटू लागली.

दुसरी बाब याहून गंभीर आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने दाखवून दिले, की ठिकाणांचा इतिहास ठेवणे वापरकर्त्याने बंद केले तरीही गूगलच्या काही सेवा वेळेसह ठिकाणाची नोंद करत होत्या. नकाशा उघडणे, हवामान पाहणे, शोध घेणे अशा कृतींबरोबर ती नोंद होत असे. ती थांबवण्यासाठी वेब व अ‍ॅपवरील हालचालींचे वेगळेच बटण बंद करावे लागत होते, आणि त्याच्या नावावरून त्याचा ठिकाणाशी काही संबंध असेल, असे कोणाच्याही मनात आले नसते. या प्रकरणी नोव्हेंबर २०२२ मध्ये गूगलने अमेरिकेतील ४० राज्यांशी ३९ कोटी १५ लाख डॉलरची तडजोड केली. एका कपाटाला आपण कुलूप लावले आणि वहीची प्रत दुसऱ्या कपाटात जात राहिली, असा हा प्रकार होता, आणि तो तांत्रिक किरकोळपणा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. ज्याने बंद हा शब्द वाचून बोट टेकवले, त्याचा त्या शब्दावर विश्वास होता.

यानंतर झालेला बदल मात्र खरा आहे, आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. डिसेंबर २०२३ मध्ये गूगलने जाहीर केले, की टाइमलाइन यापुढे प्रत्येकाच्या फोनवरच साठेल. २०२४ पासून तो बदल टप्प्याटप्प्याने अमलात आला. आता ही रेघ माझ्या हातातल्या फोनमध्ये असते. तिची राखीव प्रत कंपनीकडे ठेवायची असेल तर ती अशा कूटरूपात जाते, की गूगललाही ती वाचता येऊ नये. नव्याने सुविधा सुरू करणाऱ्यासाठी जुनी नोंद तीन महिन्यांनी आपोआप पुसली जाईल अशी मांडणी आहे, आणि मुदत वाढवायची असेल तर ती आपण वाढवायची. या बदलामुळे वर्तुळ आखून मागितलेली यादी कंपनीला पूर्वीसारखी देता येत नाही, कारण ती यादी जिच्यातून काढायची ती वहीच तिच्याकडे राहत नाही. खासगीपणा जपण्याचे आश्वासन देणे आणि तो मोडताच येणार नाही अशी रचना करणे यांत किती अंतर आहे, ते या ठिकाणी स्पष्ट दिसते.

याची किंमतही आहे. संगणकाच्या मोठ्या पडद्यावर टाइमलाइन पाहण्याची सोय बंद झाली आहे, आणि महिन्याचे बिल करताना मला तिची आठवण येते. फोन बदलला तर नोंद आपोआप सोबत येत नाही. राखीव प्रत सुरू ठेवलेली असेल तरच ती नव्या फोनवर उतरवता येते. मार्च २०२५ मध्ये एका तांत्रिक दोषामुळे काही वापरकर्त्यांच्या टाइमलाइनमधील नोंदी पुसल्या गेल्याचे गूगलने मान्य केले होते, आणि तेव्हाही ज्यांची राखीव प्रत होती त्यांनाच त्या परत मिळवता आल्या. म्हणून नोंदीवर ज्यांचे बिल अवलंबून आहे त्यांनी ती प्रत सुरू ठेवावी, आणि दर महिन्याला आकडे कागदावर उतरवून घ्यावेत. मी तीन महिन्यांची मुदत कायम ठेवली आहे. बिल मंजूर झाल्यानंतर मी कोणत्या बांधावर किती वेळ उभा होतो, हे कोणाच्याही उपयोगाचे नाही.

टाइमलाइन बंद केली म्हणजे आपला माग संपला, असे कोणी समजू नये. वेब व अ‍ॅपवरील हालचालींची नोंद हा गूगलच्या खात्यातील भाग अजूनही वेगळा आहे आणि तो स्वतंत्रपणे तपासावा लागतो. त्यापलीकडे, फोन ज्या मोबाइल कंपनीचा आहे तिला तो कोणत्या टॉवरच्या कक्षेत आहे हे कायमच ठाऊक असते, कारण त्याशिवाय कॉल पोहोचणारच नाही. आणि आपल्या देशात दूरसंचार विभागाच्या परवान्यातील अटीनुसार कॉलच्या नोंदी या कंपन्यांना किमान २ वर्षे जपून ठेवाव्या लागतात. गूगल मॅप्समधील कोणतेही बटण तिथपर्यंत पोहोचत नाही. यात गूगलचा दोष नाही, परंतु आपण नेमके काय बंद केले आहे, हे माहीत असावे म्हणून सांगितले.

येथे माझ्या नोकरीतील एक अनुभव नोंदवतो, कारण त्याच रेघेचा तो दुसरा चेहरा आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयाने हजेरीसाठी एक अ‍ॅप फोनवर घ्यायला लावले. त्याला ठिकाणाची परवानगी सदासर्वकाळ द्यावी लागत असे. अ‍ॅप वापरताना तेवढी, हा पर्याय निवडला की हजेरी लागत नसे. फोन माझा, रिचार्ज माझा, आणि रविवारी मी देवाला गेलो की दवाखान्यात, हेही कार्यालयातील पडद्यावर दिसणार. दिवसभराची जी रेघ टाइमलाइनमध्ये माझ्या सोयीची होती, तीच दुसऱ्याच्या कपाटात गेल्यावर पाळत ठरली. सोबत काम करणाऱ्या दोन महिलांनी हा विषय प्रथम बैठकीत काढला, आणि संध्याकाळी सहानंतर आमच्या घरांचे पत्ते कोणाच्या पडद्यावर दिसतात, एवढाच प्रश्न विचारला. त्याचे उत्तर देण्यास कोणीही तयार नव्हते. सात महिने पत्रव्यवहार झाल्यावर हजेरीपुरते ठिकाण घेण्याची पद्धत आली, आणि त्यासाठी जे काम करायचे ते आजही नीट होते आहे, म्हणजे आधीची सक्ती कामासाठी गरजेची नव्हती.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये संमतीची व्याख्या चांगली आहे. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध असावी, सांगितलेल्या कामाला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असावी, आणि जितक्या सहजपणे दिली तितक्याच सहजपणे मागे घेता यावी, असे तो म्हणतो. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय मिळाला पाहिजे, हीदेखील त्यातीलच तरतूद आहे. ज्यांच्या शेतांवर मी जातो त्यांच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. मात्र याच कायद्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या प्रयोजनांसाठी संमतीशिवायही माहिती वापरण्याची मुभा ठेवलेली आहे. फिरतीच्या नोकरीतील माणसाने हे कलम मुद्दाम वाचावे. ज्याला नाही म्हणणे सर्वांत अवघड जाते, त्याच्याच बाबतीत ढाल पातळ ठेवली गेली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता थेट ठिकाण दाखवण्याच्या सोयीकडे येतो. गूगल मॅप्समध्ये ती २०१७ पासून आहे. ठरावीक वेळेपुरते, किंवा आपण बंद करेपर्यंत, आपण कुठे आहोत हे निवडलेल्या माणसाला नकाशावर सतत दिसते, आणि त्याबरोबर फोनची बॅटरी किती शिल्लक आहे हेही दिसते. टाइमलाइन बंद असली तरी ही सोय चालते, कारण दोन्ही परस्परांपासून स्वतंत्र आहेत.

माझी आई ७२ वर्षांची आहे आणि कराडहून चिपळूणला मावशीकडे एसटीने एकटी जाते. पहिल्यांदा तिने ठिकाण दाखवले तेव्हा कोयनानगरच्या पुढे तिचा ठिपका चाळीस मिनिटे एकाच जागी थांबला आणि मी घाबरून गेलो. गाडी व्यवस्थित चालली होती. कुंभार्ली घाटात नेटवर्क तुटले होते, एवढेच. फोनला घाटातही आपली जागा ठाऊक होती, पण ती माझ्यापर्यंत पोहोचवायला इंटरनेट नव्हते. तेव्हापासून मी ठिपक्याआधी त्याखालची शेवटच्या नोंदीची वेळ पाहतो, आणि घाट, बोगदे व धरणाचा परिसर यांतून जाणाऱ्या माणसाची वाट पाहणाऱ्या प्रत्येकाने तीच सवय लावून घ्यावी. आईला ही सोय मनापासून आवडते, कारण वाटेत पिशव्या सांभाळत फोन उचलावा लागत नाही. चिपळूणच्या स्थानकात उतरली की ती स्वतःच ठिकाण दाखवणे बंद करते आणि मग फोन करते.

मुलीच्या बाबतीत मी चुकलो. ती पुण्याला वसतिगृहात राहायला गेली तेव्हा मी तिला ‘बंद करेपर्यंत’ हा पर्याय निवडायला सांगितला, आणि ती नवीन शहरात असल्याने तिने ते मान्य केले. मग मला दिवसातून दहा वेळा नकाशा उघडण्याची सवय लागली. रात्री साडेअकरा वाजता ठिपका वसतिगृहाबाहेर दिसला की मी जागा राही, आणि दुसऱ्या दिवशी बोलताना माझ्या प्रश्नांत ते डोकावत असे. दिवाळीच्या सुट्टीत ती आली तेव्हा म्हणाली, “बाबा, तुम्ही फोन करून विचारलंत तर मी सगळं सांगेन. पण न विचारता बघत जाऊ नका.” त्यात राग नव्हता, त्यामुळेच ते मला अधिक लागले. संमती दिल्यानंतरही ती मागे घेता आली पाहिजे, हे मी कार्यालयाला सात महिने पत्रांतून लिहीत होतो, आणि घरात स्वतःच्या मुलीला ती मागे घ्यायला किती धीर करावा लागला असेल, याचा विचार मी केला नव्हता. त्याच दिवशी तिने ते बंद केले. आता रात्रीच्या गाडीने निघाली तर ती तेवढ्या प्रवासापुरते ठिकाण दाखवते.

या दृष्टीने पाहता गूगलने ‘बंद करेपर्यंत’ हा पर्याय बाकीच्यांच्या शेजारी इतक्या सहजपणे ठेवायला नको होता. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये थेट ठिकाण १५ मिनिटे, १ तास किंवा ८ तास एवढ्याच मुदतीसाठी दाखवता येते, आणि ते पाठवणारा व पाहणारा यांच्याखेरीज कोणाला वाचता येत नाही. मला त्या रचनेत अधिक समंजसपणा दिसतो: आठ तासांनी पुन्हा विचारावे लागते, आणि विचारणे हाच तर नात्यातील शिष्टाचार आहे.

सर्वोच्च न्यायालयापुढेही हाच प्रश्न एका वेगळ्या रूपात आला होता. एका आरोपीला जामीन देताना त्याने गूगल मॅप्सवर आपल्या जागेची पिन टाकून ती तपास अधिकाऱ्याला उपलब्ध करून द्यावी, अशी अट घालण्यात आली होती. न्यायालयाने गूगलकडून माहिती मागवली तेव्हा उत्तर आले, की पिन टाकल्याने माणसाचा चालू माग काढता येत नाही. ८ जुलै २०२४ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने ती अट रद्द केली. जामिनावरील माणसाच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी अट घटनेच्या अनुच्छेद २१ मधील खासगीपणाच्या हक्काचा भंग करते, असे त्या निकालात स्पष्ट केले आहे. हा हक्क २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने मूलभूत ठरवला होता. जामिनावरील आरोपीला जे संरक्षण आहे, त्याहून कमी संरक्षण नोकरदाराला किंवा वसतिगृहातील मुलीला असावे, हे मला पटत नाही.

एकूण मत असे, की टाइमलाइन ही आजच्या स्वरूपात फिरतीच्या माणसाने निर्धास्तपणे वापरावी अशी सुविधा आहे, आणि मी तिला पाचपैकी चार गुण देतो. गेलेला एक गुण ठिकाणाशी संबंधित बटणे अजूनही वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेली असल्याबद्दल आहे. थेट ठिकाण दाखवण्याच्या सोयीला तीन गुण, आणि तेही मुदत घालून वापरणाऱ्यांसाठी. ज्या घरात एकाचा फोन दुसरा मोकळेपणाने हाताळतो आणि कुठे होतीस हा प्रश्न धाकाने विचारला जातो, तिथे ही सोय एका मिनिटात दुसऱ्याच्या हातून सुरू केली जाऊ शकते. अशी सोय सुरू असल्याची आठवण गूगल ईमेलने करून देते, पण ईमेल न उघडणाऱ्या घरांत त्याचा उपयोग नाही. म्हणून अ‍ॅपमध्ये आपल्या चित्रावर बोट टेकवून ठिकाण कोणाला दिसते आहे ती यादी अधूनमधून उघडावी. माझ्या यादीत आज कोणीही नाही. गुरुवारी आई चिपळूणला निघेल, तेव्हा तिच्या यादीत चार तासांसाठी माझे नाव असेल.